बत्तीसबाईंची अक्कलदाढ

बत्तीसबाईंची खालची डावी अक्कलदाढ आज त्यांच्या तोंडात आहे ती माझ्यामुळे. ती जवळजवळ निघालीच होती, तेही माझ्यामुळेच. पण हे दुसरं मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. एकोणीस वर्षं झाली. नाव लिहून घ्यायचं, कार्ड काढायचं, आत पाठवायचं, गाल धरून बाहेर आलेल्याला पुढची तारीख द्यायची. शिवाय सगळ्यांना तेच ते सांगायचं: ब्रश मऊ घ्या, दोन मिनिटं घासा, रात्री झोपण्याआधीही घासा, जोर लावू नका, दात म्हणजे करपलेलं पातेलं नाही. सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. ऐकणारे मान हलवतात आणि घरी जाऊन करायचं तेच करतात. माझं डोकं लवकर तापतं, हे मला माहीत आहे. मोठे डॉक्टर म्हणतात, तुम्हाला बघूनच पेशंटची दातखीळ बसते, मग मी त्यांचं तोंड उघडायचं कसं?

बत्तीसबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना हे नाव पडायचं होतं. सत्तरीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेल्या एक बाई. गळ्यात काळ्या नाडीला अडकवलेली छोटीशी कात्री. मी कार्डावरच्या 'तक्रार' या रकान्यात पेन टेकवून विचारलं, "काय होतंय?"

"काही नाही."

"मग आलात कशाला?"

"तपासायला. दर सहा महिन्यांनी दात दाखवावेत असं तुमच्या पाटीवर लिहिलंय."

ती पाटी दाराबाहेर कित्येक वर्षं लटकते आहे. ती वाचून आत आलेलं हे पहिलंच माणूस. रकाना मी रिकामा ठेवला.

मोठ्या डॉक्टरांना तपासताना मोठ्याने मोजायची सवय आहे. त्या दिवशी मोजता मोजता त्यांचा आवाज चढत गेला आणि शेवटी त्यांनी मलाच हाक मारली. "अहो, इकडे या, बघा तरी. बत्तीसच्या बत्तीस! अक्कलदाढासुद्धा चारही जागच्या जागी. कुठे कीड नाही, कुठे काही भरलेलं नाही." बाई तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होत्या, पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या. आ वासलेल्या माणसाला तेवढंच हसता येतं.

"काम काय करायचात?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौतीस वर्षं शर्टांना काजं-बटणं केली. कारखान्यात."

"शक्यच नाही. शिवणकाम करणाऱ्याचा दात मी लांबून ओळखतो. दोरा दातांनी तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडते. तुमची खाच कुठाय?"

बाईंनी गळ्यातली कात्री उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "आमच्या टेबलाला बारा जणी होत्या. अकरा जणींना खाच आहे," त्या म्हणाल्या. काम सुटून दहा-बारा वर्षं झाली होती. आता कापायला काही नसतं, पण कात्री गळ्यात नसली की मान हलकी हलकी लागते, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'बत्तीसबाई' लिहिलं. त्यांना ते आवडलं. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण आली होती, तिला मात्र आवडलं नाही. ताई अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत, पोस्टात पत्रं लावायच्या कामावरून निवृत्त झालेली. ताईचे एकतीस होते. तरुणपणी जिन्यावरून पडताना एक दात गेला होता, आणि पन्नास वर्षांनंतरही धाकटी तिला त्यावरून चिडवत होती. "मी एका दाताने पुढे आहे," ती म्हणायची. ताई म्हणायची, "तुझे बत्तीस राहिले ते माझ्या मोजण्यावर, विसरू नकोस."

या मोजण्याची हकिकत मला ताईनेच सांगितली, बाकावर बसून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांच्या आईचे दात चाळिशीच्या आत गेले होते. आई हसताना तोंडावर हात धरायची; आईचं पूर्ण हसू या मुलींनी कधी पाहिलंच नाही. म्हणून दोघींनी लहानपणीच ठरवलं, आपण दात टिकवायचे. शाळेत सांगितलं होतं, दोन मिनिटं घासा. घरात घड्याळ नव्हतं. मग एकीने घासायचं आणि दुसरीने मोजायचं, एकशेवीसपर्यंत. नंतर अदलाबदल. ज्याच्या तोंडात ब्रश आहे त्याला मोठ्याने मोजता येत नाही, हे तर उघडच आहे. दोघींनी लग्न केलं नाही, राहायच्या एकाच घरात, त्यामुळे हा प्रकार सकाळ-संध्याकाळ साठ वर्षं चालला.

"पण ही मोजायला कच्ची," बत्तीसबाई म्हणाल्या. "हिचे एकशेवीस म्हणजे कधी एकशेतीस, कधी एकशेचाळीस."

"दात स्वच्छ झाले ना? मग?" ताई म्हणाली आणि दोघी हसल्या. एकतीस आणि बत्तीस, त्रेसष्ट दात एकदम. बाकावरचे बाकीचे पेशंट तोंडं झाकून बघत राहिले.

दोन वर्षं त्या दोघी अशा येत राहिल्या. दर सहा महिन्यांनी, तारीख न चुकवता. मग एकदा बत्तीसबाई एकट्याच आल्या. मी सवयीने दोघींची कार्डं काढून ठेवली होती.

"ताई मागून येतायत का?"

"ताई गेली. दोन महिने झाले."

ताईचं कार्ड माझ्या हातातच होतं. काय झालं, कशाने गेल्या, काहीतरी विचारायला हवं होतं. रांगेत चौघं होती, त्यात एक रडणारं पोर, आणि फोन वाजत होता. मी म्हटलं, "बसा. तिसरा नंबर तुमचा." आणि ताईचं कार्ड ड्रॉवरमध्ये सारलं. हे मला आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

आत मोठ्या डॉक्टरांनी बत्तीस मोजले. "उत्तम! या सहा महिन्यांनी."

"सहा महिने?" बाई म्हणाल्या. "मध्ये काही... साफ-बिफ करायला?"

"तुमच्या दातांना माझी गरजच नाही हो," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं.

तपासून झाल्यावर त्या लगेच निघाल्या नाहीत. बाकावर बसल्या, शेजारच्याला काय झालंय ते विचारलं. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांची कवळी चालली होती. कवळी म्हणजे एक माप, दुसरं माप, मग मेणातली कवळी लावून बघायची, मग खरी, आणि मग टोचतेय म्हणून घासून घ्यायला दोनदा-तीनदा. बत्तीसबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "चैन आहे कवळीवाल्यांची." मला वाटलं, थट्टा करतायत. मी दात काढले. त्या हसल्या नाहीत.

त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांसाठी बदली डॉक्टर आले. तरुण, सभ्य, हात चपळ, पण आमचे पेशंट त्यांना नवे. आणि त्याच महिन्यात, सहा महिन्यांची तारीख लांब असताना, बत्तीसबाई काउंटरपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय होतंय?" मी पेन टेकवून विचारलं, रिकामाच ठेवायच्या तयारीने.

"दुखतंय."

मी मान वर करून बघितलं. त्यांच्या कार्डावरच्या त्या रकान्यात मी पहिल्यांदा काही लिहिलं.

आता इथे त्या कागदाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एक छापील कागद आहे. त्यावर दोन कमानी, वरची आणि खालची, सोळा-सोळा दातांच्या. जो दात दुखतो त्यावर पेशंटने पेन्सिलीने फुली करायची. चित्र समोरच्याचं तोंड बघावं तसं काढलेलं आहे, त्यामुळे कागदावर उजवीकडे दिसतात ते पेशंटचे डावे दात. हे मी रोज दहा जणांना समजावते आणि दहातले सात उलटीच फुली करतात. म्हणून माझ्या हाताशी खोडरबर असतो. फुली खोडायची, पलीकडे करायची, कागद आत द्यायचा. पुन्हा विचारत बसले तर माणसं आणखी गोंधळतात, स्वतःचे दोन्ही गाल चाचपत 'हे डावं की हे डावं' करत बसतात, आणि रांग जिन्यापर्यंत जाते. पेशंटच्या नुसत्या बोलण्यावरून मला डावं-उजवं कळतं, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी बाईंनी फुली केली ती खालच्या डाव्या अक्कलदाढेवर. बदली डॉक्टरांनी दात ठोकून बघितला, "दुखलं की हात वर करा" म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला. एक्स-रेमध्ये काही आलं नाही. "बारीक चीर असेल, ती फोटोत दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो. आठ दिवसांनी या."

"आठ दिवसांनी," बाई म्हणाल्या आणि मी तारीख लिहायच्या आत त्यांनी ती स्वतःच सांगितली.

आठ दिवसांनी त्यांनी फुली केली ती दुसऱ्या बाजूला. त्या सातांत या आठव्या, असं मनात म्हणून मी ती खोडली, त्यांच्या डाव्या दाढेवर नेली, कागद आत दिला. पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा. "किती वेळा सांगायचं, कागदावरचं डावं म्हणजे तुमचं उजवं! चौतीस वर्षं शर्टांना बटणं लावलीत ना? डावी-उजवी बाजू कळायची ना तिथे?" त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. मी खोडरबर फिरवत होते आणि त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

आत डॉक्टरांच्या हातात तीन कागद, तिन्हींवर एकाच दातावर फुली. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. त्यासाठी गळ्यातलं काढून ठेवायला लागतं, म्हणून कात्री माझ्या ट्रेमध्ये आली. एक्स-रेमध्ये पुन्हा काही नाही.

"काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "अक्कलदाढ आहे, तिच्यावाचून काही अडत नाही. उगाच किती दिवस सोसणार?"

बाईंनी विचारलं, "काढली तर किती वेळा यावं लागेल?"

"आज. मग आठवड्याने टाके काढायला. मग एकदा जखम बघायला."

"म्हणजे आणखी दोनदा," त्या म्हणाल्या. दार उघडं होतं, मी ऐकत होते. मला वाटलं, जिने चढायचा त्रास मोजतायत बिचाऱ्या.

आधीचा पेशंट अजून दुसऱ्या खुर्चीत होता, म्हणून डॉक्टरांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मीच त्यांना म्हटलं, "काही खायचं तर आत्ताच खाऊन घ्या, नंतर दोन-तीन तास खाता येणार नाही." त्यांनी पिशवीतून बदामाची पुडी काढली आणि आधी शेजारी धरली. शेजारी तेच कवळीवाले गृहस्थ.

"मला काय देता?" ते म्हणाले. "माझी आत घासायला दिलीय. कशाने फोडू?"

"मग मीच खाते," बत्तीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक बदाम तोंडात टाकला. कडकन आवाज झाला. मग दुसरा. गप्पा चालू होत्या, त्या बोलता बोलता चावत होत्या. मग आतून हाक आली, त्यांनी पुडी नीट गुंडाळली आणि त्या आत गेल्या.

मी त्यांचे कागद फाइलला लावायला घेतले. टेबलावरच्या दिव्याखाली कागद तिरपा धरला गेला. खोडलेली फुली दिसत नाही, पण पेन्सिलीचा दाब राहतो. दोन कागद, दोन दाबून केलेल्या फुल्या, दोन्ही त्यांच्या उजव्या दाढेवर. एकच फुली उलटी असती तर ठीक होतं. पण पहिल्या दिवशी ज्या बाईंना चित्र बरोबर कळलं होतं, त्यांना नंतर दोनदा कळू नये? आणि मग मला बदाम आठवला. बदाम खाताना त्यांचा डावा गालही हलत होता आणि उजवाही. माणूस कागदावर बाजू चुकेल, पण बदाम चावताना चुकणार नाही. ज्याची दाढ दुखते तो त्या बाजूने पाणीसुद्धा जपून पितो.

किती वेळा यावं लागेल, हे त्यांनी का विचारलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मी उठले आणि आत घुसले. इंजेक्शन देऊन झालं होतं. चिमटा डॉक्टरांच्या हातात होता.

"थांबा! यांना काही दुखत नाही. नाटक आहे सगळं."

हे मी हळू म्हणू शकले असते. डॉक्टरांना बाजूला घेऊ शकले असते. पण माझा आवाज काउंटरचा आहे, आणि दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावरचे सगळे वाकून आत बघायला लागले.

डॉक्टर बाईंकडे वळले. "खरं का आजी? दुखत नाही?"

"दुखतं," त्या म्हणाल्या. अर्धी जीभ बधिर झालेली, शब्द ओला आणि वाकडा निघाला.

"कुठे दुखतं ते दाखवा बरं."

त्यांनी हात उचलला, आणि तो कुठे न्यावा ते त्यांना कळेना. गालापर्यंत आला, थांबला, मग खाली छातीपाशी गेला. कात्री चाचपत असाव्यात. कात्री तिथे नव्हती.

मग त्या खुर्चीतून उतरल्या. ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ते त्यांना कळत नव्हतं. बाकासमोरून जाताना त्यांनी तोंडावर हात धरला होता.

डॉक्टर म्हणाले, "वाचवलंत बरं मला. चांगला दात काढला असता." मी म्हटलं, "तेच तर माझं काम आहे." खोडरबराबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कात्री ट्रेमध्ये तशीच पडून होती.

नऊ दिवस मी ती बघत होते. रोज वाटायचं, न्यायला येतील. कवळीवाल्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, "त्या बदामवाल्या बाई कशा आहेत?" मी त्यांना कामाचं बोला म्हणून गप्प केलं. दहाव्या दिवशी रविवार होता. कार्डावरचा पत्ता घेतला, कात्री रुमालात गुंडाळली आणि गेले.

तिसरा मजला, लांब व्हरांडा, शेवटचं दार. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून आधी हात तोंडाकडे नेला. मग खाली घेतला.

"कात्री," मी म्हटलं.

"या," त्या म्हणाल्या.

दोन खोल्या. भिंतीला लागून दोन पलंग, दोन्हींवर चादरी ताठ अंथरलेल्या. त्यांनी कात्री गळ्यात घातली आणि पाणी आणायला आत गेल्या. मला राहवेना. उभ्या उभ्याच बोलले. "तुमच्या दोन फुल्या मी खोडल्या होत्या. न विचारता. म्हणून डॉक्टरांना खरं वाटलं. चूक माझी होती आणि ओरडले तुमच्यावर."

"माहीत आहे," आतून आवाज आला. "मी बघत होते ना तुम्हाला खोडताना. आधी कुठल्या बाजूला सांगितलं ते मी विसरले होते. तुम्ही खोडलंत तेव्हा म्हटलं, चला, बरं झालं, आता खोटं पकडलं जाणार नाही."

त्या पाणी घेऊन आल्या आणि समोर बसल्या. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

"तुमच्याकडे आलं की तुम्ही विचारता, काय होतंय? खेकसून का होईना, विचारता. मग डॉक्टर हनुवटी धरतात, तोंड उघडा म्हणतात, आत दिवा पाडून बघतात. ताई गेल्यापासून मला कुणाचा हात लागलेला नाही. दुकानदार सुटे पैसेसुद्धा काउंटरवर ठेवतो." पुढे म्हणाल्या, "एक दाढ जाऊ दे म्हटलं. बत्तीस घेऊन करायचंय काय? ताईच्या बरोबरीला येईन."

मला तोंड वर करवेना. माणसाला दात टिकवा म्हणून एकोणीस वर्षं सांगत आले, आणि या बाईंना टिकवलेल्या दातांची शिक्षा झाली होती.

मोरीपाशी एक बेसिन होतं. वर फळीवर पेला, त्यात दोन ब्रश. एक कोरडा.

"अजून मोजता?" मी विचारलं.

"मनात मोजते. पण मनात मोजलेलं चुकतं. कधी तीसलाच सोडून देते."

"घासा," मी म्हटलं. माझ्या आवाजात तेच काउंटरचं. "उठा, घासा. मी मोजते."

त्या खरंच उठल्या. ब्रश ओला केला, आरशासमोर उभ्या राहिल्या. मी दारात उभी राहून मोजायला लागले. एक, दोन, तीन. मला कुठल्याही कामाची घाई असते, पण घड्याळावर नजर ठेवून सेकंदाला एक असं अचूक मोजलं. एकशेवीसला म्हटलं, "झालं."

त्या ब्रश तोंडात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग चूळ भरली. "लवकर झालं," त्या म्हणाल्या.

"बरोबर दोन मिनिटं. घड्याळ लावलं होतं."

"हो, बरोबरच असणार." त्यांनी ब्रश झटकला. "ताई एकोणनव्वदपर्यंत नीट यायची. एकोणनव्वदनंतर नव्वद म्हणायच्या ऐवजी पुन्हा ऐंशी म्हणायची. ऐंशी, एक्याऐंशी, ब्याऐंशी. शाळेपासूनची चूक. कधी एकदाच मागे जायची, कधी दोनदा. चूक की मुद्दाम, मला कधी कळलं नाही. माझ्या तोंडात ब्रश, मी सांगणार कशी? आणि चूळ भरून झाल्यावर भांडायला काही उरायचं नाही."

निघताना मी त्यांना सांगितलं, उद्या सकाळी सातला फोन करीन, फोन साबणाच्या फळीवर ठेवा. त्या म्हणाल्या, कशाला उगाच त्रास. मी म्हटलं, मला त्रास झाला की मी ओरडते, तुम्हाला कळेलच.

तेव्हापासून रोज सातला फोन. "तयार?" "तयार." मग मी मोजते, पलीकडून ब्रशचा आवाज येतो, एकशेवीसला चूळ भरल्याचा आवाज, आणि "ठेवते" म्हणून त्या ठेवतात. यापेक्षा जास्त बोलणं नाही. अक्कलदाढेबद्दल आम्ही दोघीही बोलत नाही. मोठे डॉक्टर परत आले, तारखेला त्यांनी बत्तीस मोजले, आणि त्यांना काही माहीत नाही. बाकावरच्यांपैकी कुणी काही बोललं नाही. कवळीवाल्यांनी तर उठून जागा दिली.

मागच्या आठवड्यात एकशेवीस झालं, चूळ भरून झाली, पण त्यांनी ठेवलं नाही.

"आता तुम्ही घासा," त्या म्हणाल्या. "मी मोजते."

"माझं झालंय," मी म्हटलं.

"कधी?"

"मघाशी."

खरं सांगायचं तर माझ्या तोंडात सव्वीस दात आहेत, त्यातल्या दोनांवर टोप्या. लोकांना दोन मिनिटं सांगणारी मी, माझं घासणं चपला शोधता शोधता अर्ध्या मिनिटात उरकतं. नवरा होता तेव्हा तोंडाला येतं ते बोलून त्याला घालवलं, त्याला पंधरा वर्षं झाली. माझ्या बेसिनपाशी मला कुणी बघायला येत नाही. मी नळ सोडला, जरा पाणी वाजवलं, म्हटलं, "हं, घासतेय."

"नाही घासत. नुसता नळ आहे. ब्रशचा आवाज वेगळा असतो. साठ वर्षं ऐकलाय मी."

जीभ चावली मी. मुकाट्याने ब्रशवर पेस्ट घेतली आणि फोन फळीवर ठेवला. पलीकडून खणखणीत सुरुवात झाली. एक, दोन, तीन. मला वाटलं, आज कामाला उशीर होणार. विसाला हात दुखायला लागला. चाळिसाला हिरडीतून रक्त आलं. साठाला मी आरशात बघितलं, तोंडभर फेस आणि वर दोन डोळे, आणि मला जाणवलं की या खोलीत सकाळी कुणाचा तरी आवाज असल्याला किती वर्षं झाली. डोळे भरून आले. तोंड रिकामं असतं तर मी काहीतरी खेकसून ते लपवलं असतं.

पलीकडे मोजणं संथ चाललं होतं. पंच्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. एकोणनव्वद.

मग त्या जरा थांबल्या.

"ऐंशी," त्या म्हणाल्या. "एक्याऐंशी. ब्याऐंशी."

माझ्या तोंडात ब्रश होता. मी घासत राहिले.